बाहेर जाण्याचा मार्ग

वाशीच्या मल्टिप्लेक्सात, चार नंबरच्या पडद्यापाशी,
मी दार उघडतो.
आत येण्याचं नाही. ते काम पोरी करतात, हसून, तिकीट बघून.
माझं दार मागचं. संपताना उघडायचं.
त्यामुळे चार वर्षांत मी एकही सिनेमा पाहिलेला नाही,
शेवटची दहा मिनिटं तेवढी पाहिलीत, प्रत्येकाची.

मारामारीचे, टोळ्यांचे सिनेमे रात्रीच्या शोला चालतात.
मला त्यातला गुन्हा कधी दिसत नाही.
मी शिरतो तेव्हा माणूस सुधारलेला असतो.
दाढी वाढलेली, शर्टावर रक्त, बहुतेक स्वतःचंच,
कुणाच्या तरी पोराला ढकलतो, पळ म्हणतो,
आणि गोळी येते, अगदी वेळेवर.
मी अंधारात उभा राहून मागे मोजत जातो :
एवढं फेडतोय, तर घेतलं किती असेल?

परवा एकाने पिस्तूल पाण्यात फेकलं.
सगळं थिएटर गप्प.
मला आपला खाडीपूल आठवला. तिथे जाळी मारलीय,
निर्माल्य अडकतं.
पिस्तूलही लोंबकळत राहिलं असतं
झेंडूच्या माळेत.

माझं उलटं आहे.
माझ्याकडे मध्यंतरापर्यंतचा भाग आहे, तोंडपाठ.
कांदा-बटाटा मार्केटचं मागचं फाटक, पगाराची संध्याकाळ,
टेम्पोच्या जॅकची दांडी,
आणि ज्ञानू शेडगे, माथाडी, खांद्यावर रिकामं पोतं.
नुसतं घाबरवायचं होतं. तो ओरडला.
गुडघा.
वाळक्या कांद्यावर पाय पडावा तसा आवाज.
अकरा हजार चारशे. वाटणीत मला अडीच.
बूट घेतले. आठवड्यात उजव्याचा तळ सुटला.

मग तळोजा. त्यावर सिनेमा निघणार नाही,
कारण तिथे काहीच होत नाही,
आणि ते सहा वर्षं होत राहतं.

सुटल्यावर कोपरखैरण्याला त्याच्या चाळीपर्यंत गेलो, दोनदा.
दुसऱ्यांदा हातात डझनभर केळी होती.
त्याची बायको नळाखालचा हंडा उचलत होती.
कोण पाहिजे, म्हणाली.
मी पत्ता चुकल्यासारखं केलं.
केळी रिक्षावाल्याला दिली.

काल, साडेनऊचा शो.
पडद्यावरचा मेला, दिवे लागले, मी खटका ओढून दार धरलं.
लोक मोबाइल चालू करत गेले.
सगळ्यात शेवटी ज्ञानू शेडगे आले,
नातवाला धरून, डावा पाय टाकत, उजवा ओढत.
पोरगं म्हणत होतं, आबा, त्याला मारायला नको होतं,
सुधारला होता ना तो.
मेला म्हणून सुधारला, शेडगे म्हणाले,
जगला असता तर कळलं असतं.

दारात थांबले.
पायरी आहे का रे पुढं?
तीन आहेत, म्हटलं. शेवटची उंच आहे.
त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळं वजन टाकून.
एक.
दोन.
तिसरीला कण्हले थोडे, मला ऐकू येईल इतपतच.

ओळखलं की नाही, माहीत नाही.
खाली पोचल्यावर वळून म्हणाले,
दार लाव आता, गार हवा जातीय.

लावलं. आत पॉपकॉर्न सांडलेले,
एका खुर्चीत कुणाची तरी छत्री.

आज सुपरवायझरला सांगितलं,
तिसऱ्या पायरीपाशी कठडा पाहिजे.
फॉर्म भर, म्हणाला.
भरला. कारणाच्या रकान्यावर
बराच वेळ पेन धरून होतो.
मग लिहिलं :
उंच आहे.